हात न टेकता उठण्यासाठी: ज्येष्ठांची फिजिओथेरपी, पहिल्या मोजणीपासून रोजच्या सरावापर्यंत

गुडघा दुखतो हे लोक डॉक्टरांना सांगतात. कमोडवरून उठताना भिंतीला धरावं लागतं, हे मात्र वर्षानुवर्षं कुणाजवळ बोलत नाहीत. लाज वाटते म्हणून, किंवा 'वय झालं, आता असंच व्हायचं' असं मनाने आधीच ठरवून टाकलेलं असतं म्हणून. फिजिओथेरपीचा सगळ्यात मोठा फायदा या न सांगितलेल्या तक्रारीला होतो. उठणं, बसणं, वळणं, जिना उतरणं, रात्री बाथरूमपर्यंत जाऊन सुखरूप परत येणं, ही कामं पुन्हा आपली आपल्याला जमू लागतात. दुखणं कमी होतं तेही बऱ्याचदा याच वाटेवर, मागून.

हे आधी सांगायचं कारण, फिजिओथेरपी म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर मशीन येतं. माझे वडील गुडघ्यासाठी सलग तीन आठवडे एका ठिकाणी जात होते. आडवं व्हायचं, शेक घ्यायचा, तारा जोडलेल्या पट्ट्या लावून घ्यायच्या आणि वीस मिनिटांनी घरी. गुडघ्याला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पण त्या तीन आठवड्यांत 'जरा खुर्चीतून उठून दाखवा' असं त्यांना कुणी एकदाही म्हटलं नाही. शेक किंवा मशीन वाईट नसतं. ठणका कमी झाला की व्यायाम करणं सोपं जातं. पण शेकून स्नायू बळकट होत नाही, तो कामाला लावावा लागतो.

वयाच्या नावावर काय काय खपतं

तिशीनंतर दर दहा वर्षांमागे साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर जाते. या घटीला वैद्यकात सार्कोपेनिया म्हणतात. हे खरं असलं तरी अर्धंच खरं आहे. १९९० मध्ये बोस्टनमधल्या एका वृद्धसेवा केंद्रात मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त रहिवाशांना आठ आठवडे पायांसाठी वजनाचे व्यायाम दिले, तेही हलकेफुलके नव्हेत, चांगले जड. ज्यांनी ते पूर्ण केले त्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची चालतानाची काठी सुटली. सराव थांबवल्यावर काही आठवड्यांतच कमावलेली ताकद घसरू लागली, हेही त्याच अभ्यासात दिसलं. म्हणजे नव्वदीतही स्नायू शिकतो, फक्त शाळा बंद झाली की विसरतो.

उलट्या बाजूने पाहा. २००७ च्या एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांमधला जवळपास १ किलो स्नायू गेला. साध्या तापानंतर किंवा रुग्णालयातून आल्यावर 'आठ-पंधरा दिवस नुसता आराम करा' असं घरचे प्रेमाने सांगतात तेव्हा हा १ किलो आठवावा. डॉक्टरांनी हालचालीला मनाई केली नसेल, तर खुर्चीत बसणं आणि खोलीतल्या खोलीत फिरणं पहिल्या दिवसापासून हवं.

आधी घरी मोजा

फिजिओथेरपिस्टकडे जाण्यापूर्वी एक वही घ्या. पहिल्या पानावर तीन कामं लिहा, जी पूर्वी जमायची आणि आता जमत नाहीत किंवा धरून धरून करावी लागतात. 'तब्येत सुधारावी' असं मोघम लिहू नका. 'एक मजला न थांबता चढता यावा', 'नातवाला कडेवर घेता यावं', 'अंघोळीला उभं राहता यावं', असं लिहा. उपचारांची दिशा या पानावरून ठरते.

मग तीन चाचण्या करा. कुणीतरी शेजारी उभं असल्याशिवाय करू नका, आणि चक्कर येत असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर तज्ज्ञासमोरच करा.

पहिली, उठबस. साधारण ४३ सेंटीमीटर उंचीची, बिनहाताची, सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर आडवे, तळवे विरुद्ध खांद्यांवर. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला १२ आणि स्त्रीला ११ पेक्षा कमी वेळा जमलं, तर पाय कमजोर झालेत असं धरतात. ७५ ते ७९ या वयात हेच आकडे ११ आणि १०, ८० ते ८४ मध्ये १० आणि ९. हात टेकावेच लागले, तर शून्य लिहायचं. वाईट वाटून घेऊ नका. शून्यावरून सुरुवात करणारे पुष्कळ असतात आणि वहीत सगळ्यात देखणा आलेख त्यांचाच निघतो.

दुसरी, तोल. ओट्याजवळ किंवा जड टेबलाजवळ उभं राहून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावा, म्हणजे दोन्ही पावलं एका रेषेत. हात सोडून १० सेकंद उभं राहता आलं नाही, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे.

तिसरी चाचणी चालण्याची आहे. खुर्चीपासून ३ मीटरवर खूण करा. उठायचं, नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी वापरत असाल तर ती घेऊनच. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर लक्ष द्यायला हवं. या चाचणीत सेकंदांइतकंच वळणं बघण्यासारखं असतं. वळताना बारीक बारीक पावलं पडत असतील, झोक जात असेल, तर ते वहीत लिहून ठेवा.

पहिल्या भेटीत

सगळ्या औषधांची यादी, जुने एक्स-रे, चष्मा आणि रोज घरात वापरता ती पादत्राणं सोबत न्या. पादत्राणं न्यायला लोक हमखास विसरतात, आणि निम्मं गुपित तिथेच असतं: झिजलेला तळवा, सैल पट्टा, मागे बंद नसलेली सपाता.

चांगला फिजिओथेरपिस्ट मशीनकडे वळण्याआधी तुम्हाला चालायला, उठायला, वळायला लावतो. गेल्या वर्षभरात पडलात का, हे विचारतो. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर रक्तदाब मोजतो किंवा मोजून घ्यायला सांगतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तोल जाण्याचं मूळ पायांऐवजी रक्तदाबात किंवा एखाद्या गोळीत असू शकतं. अशा वेळी आधी डॉक्टरांशी बोलणं. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच.

चक्करेचा एक प्रकार इथे आवर्जून सांगतो. अंथरुणात कूस बदलताना किंवा मान वर करताना काही सेकंद सगळं गरगर फिरतं आणि थांबतं. कानातले सूक्ष्म कण जागचे हलल्याने हे होतं, आणि मान-डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते जागी नेता येतात. एपली नावाच्या या पद्धतीने कित्येकांना एक-दोन बैठकांत आराम पडतो. लोक मात्र 'मानेचा त्रास' म्हणून वर्षभर पट्टा बांधून फिरतात.

निघण्यापूर्वी विचारा: माझा नेमका कुठला स्नायू किंवा हालचाल कमी पडते आहे? घरी काय, किती वेळा करायचं? सुधारणा कशावरून कळणार आणि किती आठवड्यांनी? उत्तर 'दहा बैठका घ्या, मग बघू' एवढंच मिळालं, तर दुसरा दरवाजा ठोठावायला हरकत नाही.

घरचा सराव

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांपुढच्यांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि किमान तीन दिवस तोलावर भर देणारे व्यायाम करावेत. बहुतेकांचं पहिलं होतं, कारण चालणं सगळ्यांना माहीत आहे. उरलेल्या दोहोंची पाटी कोरी असते.

आणि नुसतं चालणं पुरत नाही. २०१९ मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने व्यायाम आणि पडणं यांवरच्या १०८ अभ्यासांचा आढावा घेतला. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं, पण तो गुण प्रामुख्याने तोलाच्या आणि रोजच्या हालचालींवर आधारलेल्या व्यायामांचा होता. निव्वळ चालण्याबद्दल तितका भक्कम पुरावा सापडला नाही. तोल आधीच डळमळीत असलेल्या माणसाला भरभर चालायला पाठवणं तर मला धोक्याचंच वाटतं.

सगळ्यात जास्त परतावा देणारा व्यायाम एकच निवडायचा झाला, तर मी उठबस निवडेन. तो असा करायचा. खुर्चीच्या पुढच्या भागात सरकून बसा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, खुब्याइतकी फाकलेली. नाक पावलांच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका, मग टाचांवर जोर देऊन उठा. इथेच बहुतेकांचं चुकतं: पुरेसं न झुकता सरळ वर उठायला जातात आणि धपकन मागे बसतात. उठताना श्वास सोडा, कोंडू नका. बसताना तीनपर्यंत मोजत सावकाश खाली या. बसण्याचा हा संथ टप्पा गाळू नका. जिना उतरताना हीच ताकद लागते. जमत नसेल तर खुर्चीवर टणक उशी ठेवून उंची वाढवा, किंवा हात असलेली खुर्ची घेऊन तिच्या हातांचा थोडा आधार घ्या. ८ ते १० वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा एकदा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून.

दहा वेळा सहज होऊ लागलं की अवघड करा. उशी काढा, मग हात सोडा, मग हातात पाण्याची भरलेली बाटली धरा. शेवटच्या दोन-तीन फेऱ्या जड गेल्या पाहिजेत. ज्येष्ठांच्या व्यायामात इजा होऊ नये म्हणून इतकी काळजी घेतात, की पुष्कळदा व्यायाम सहा महिने त्याच पट्टीवर अडकतो. मग 'फिजिओथेरपीने काही फरक पडला नाही' असं म्हणायला आपण मोकळे.

त्याच्या जोडीला ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहणं, मग टाचांवर. एका पायरीवर चढउतार. आणि उभं राहून पाय बाजूला नेणं. हे शेवटचं खुब्याच्या बाजूच्या स्नायूसाठी आहे. चालताना एका पायावर भार असतो तेव्हा कंबर दुसरीकडे कलू न देण्याचं काम तो करतो.

तोलाचा सराव ओट्याजवळच, बोटं टेकता येतील अशा जागी करा. पावलं जोडून, मग अर्धी पुढे-मागे, मग एका रेषेत, मग एका पायावर. प्रत्येक वेळी १० सेकंदांपासून सुरुवात. सोपं झालं की मान डावीकडे-उजवीकडे फिरवा, किंवा शंभरातून तीन तीन वजा करत राहा. खऱ्या आयुष्यात माणूस बोलता बोलताच पडतो. तोलाच्या सरावात जरा डगमगायलाच हवं. जराही डगमगत नसाल तर सराव सोपा आहे.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात तयार झालेला कार्यक्रम याच घटकांवर उभा आहे: १७ व्यायाम, आठवड्यातून तीनदा सुमारे अर्धा तास, शिवाय दोनदा चालणं, आणि तोही घरच्या घरी. तुमच्या फिजिओथेरपिस्टला तो बहुधा ठाऊक असेल, विचारून पाहा.

श्रम किती, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे बोलणं. वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत धाप मध्यम समजायची. हृदयाचा वेग कमी ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नाडी मोजून श्रमाचा अंदाज येत नाही, म्हणून ही खूणच बरी. दुखण्याचा नियमही साधा: स्नायू अवघडणं चालेल, सांध्यात थोडं दुखलं तरी चालेल, मात्र ते दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्वपदावर यायला हवं. सूज आली किंवा दुखणं वाढतच राहिलं, तर फेऱ्या निम्म्या करा. एकदम बंद करू नका.

काठी कुठल्या हातात?

दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजवा पाय व काठी एकाच वेळी पुढे. दुखऱ्या बाजूलाच काठी धरली की शरीर त्या बाजूला कलतं आणि सांध्यावरचा भार हलका व्हायच्या ऐवजी तिथेच राहतो. उंचीसाठी हात सरळ खाली सोडून उभं राहा. मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतं. खालचं रबर झिजलं की बदला. जिन्यासाठी लक्षात ठेवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

दुसऱ्याची जुनी काठी वारशाने घेतली जाते तेव्हा ती हमखास बोटभर-दोन बोटं उंच असते. कापून घ्या.

पडल्यावर उठणं

पडू नये म्हणून सगळे शिकवतात, पडल्यावर काय करायचं ते फार थोडे. पण जमिनीवरून उठता येतं हा विश्वास असला की पडण्याची धास्ती कमी होते, आणि धास्तीने घरात बसून पाय आणखी कमजोर होतात ते थांबतं. एकदा फिजिओथेरपिस्टसमोर, जाड सतरंजीवर याचा सराव करा.

पडल्यावर लगेच धडपडू नका. दोन-चार श्वास घ्या आणि कुठे लागलंय ते पाहा. खुब्यात तीव्र कळ असेल, एक पाय आखूड वाटत असेल किंवा पाऊल बाहेर वळलेलं असेल, तर हाड मोडलेलं असू शकतं. उठू नका, हाक मारा, अंगावर पांघरूण ओढून घ्या. तसं काही नसेल तर कुशीवर वळा, कोपरावर या, मग हात-गुडघ्यांवर. रांगत भक्कम खुर्चीपाशी जा. दोन्ही हात बैठकीवर ठेवा, जोरकस पाय पुढे आणून पाऊल टेकवा, हातांनी आणि त्या पायाने रेटा देऊन वर या आणि वळून बसा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

ज्यांचं थोडं वेगळं असतं

हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून पुढे वाकण्याचे आणि कंबर पिळण्याचे व्यायाम टाळा. मणक्याला चीर पडू शकते. ताकदीचे व्यायाम मात्र हवेतच. गुडघा बदलल्यावर विश्रांती घेताना गुडघ्याखाली उशी घेऊन पडायचा मोह होतो, बरंही वाटतं, पण त्याने गुडघा पूर्ण सरळ व्हायचा राहून जातो. उशी हवीच तर टाचेखाली. खुबा बदलला असेल तर किती वाकायचं, कुठल्या कुशीवर झोपायचं हे शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर अवलंबून असतं, सर्जनकडून लिहून घ्या. पार्किन्सन्समध्ये पाऊल जागीच गोठतं तेव्हा जमिनीवरच्या आडव्या पट्ट्या किंवा मोजलेला ठेका कामी येतो. आणि खोकताना लघवी निसटत असेल, तर त्यासाठीही ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात. हे सांगायला संकोचू नका, फिजिओथेरपिस्टना ते नवीन नसतं.

व्यायाम करताना छातीत दाब आला, एका बाजूचा हात-पाय अचानक ढिला पडला किंवा बोलणं अडखळलं, तर तातडीने रुग्णालय गाठा. एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम लागत असेल, किंवा पाठदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तेव्हाही त्याच दिवशी दाखवा.

घरच्यांनी

थोडं कमी मदत करा. आजी खुर्चीतून उठायला लागली की दोघं धावतात आणि दंडाला धरून उचलतात. दिवसातून पंधरा वेळा होणारा फुकटचा व्यायाम त्यामुळे बुडतो. शेजारी उभे राहा, हात जवळ ठेवा, पण उठू त्यांना द्या. वेळ लागेल, लागू द्या. व्यायामाची आठवण करून देण्यापेक्षा त्याला एखाद्या ठरलेल्या गोष्टीची जोड द्या: दात घासताना चवड्यांवर उभं राहणं, बातम्या सुरू होण्यापूर्वी उठबस.

दर चार आठवड्यांनी, शक्यतो त्याच खुर्चीवर आणि दिवसाच्या त्याच वेळी, तिन्ही चाचण्या पुन्हा करा आणि आकडे वहीत लिहा. आठ आठवड्यांनंतरही आकडा जागचा हलला नसेल, तर वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा. पहिल्या पानावरची तीन कामं दाखवा आणि व्यायाम बदलून मागा.